ठमी काय काय बोलते

लोधिवली, पेटा खालापूर
२० जानेवारी १९४३

तीर्थरूप दादा,

सहदेवचा नमस्कार तुझ्या पायांशी पोचो. तुझे डिसेंबरचे पत्र मिळाले. त्यातल्या तीन ओळी सरकारने काळ्या केल्या आहेत, त्यामुळे तू कोणत्या मुलखात आहेस ते समजले नाही. थंडी आहे एवढे वाचता आले. आबा ओट्यावर माझ्यासमोर बसले आहेत. लिहून झाले की त्यांना सगळे वाचून दाखवायचे आहे. त्यांचा तुला आशीर्वाद. भात घरात आले. सर्व खुशाल आहे.

तू लिहितोस की लेकीला तीन महिन्यांची टाकून गेलो, आता तिचे तोंडसुद्धा आठवत नाही, तर ती काय काय बोलते ते दर पत्रात लिही, एक शब्द गाळू नको. त्याप्रमाणे मी एक वही केली आहे आणि तारीखवार टिपून ठेवतो.

ठमीला चौदा महिने पुरे झाले. 'आई' स्पष्ट म्हणते. 'मम' म्हणजे पाणी, दूध, पेज, जे भांड्यात हलेल ते सगळे. 'भों' म्हणजे मोटार. पुणे रस्त्याने दिवसभर लष्करी गाड्या जातात, त्यावरून शिकली. पण आता म्हैसही भों आहे आणि जातेही भों आहे. चौक गावचे दुकानदार सुलेमानभाई परवा आले होते, त्यांच्या पोटाकडे बोट करून 'भों' म्हणाली. ते म्हणाले, "भिवाजीची पोर हाय, लायसन नसलेली गाडी लांबून वळखते." 'पापा' म्हणजे मुका, म्हणते आणि लगेच ओठ पुढे करते. 'बाबा' हा शब्द वहिनींनी शिकवला. खुंटीवर तुझी जुनी टोपी आहे, तिला ती 'बाबा' म्हणते. टोपी खाली काढून दिली तर पाठीवर थोपटते.

शब्द नसलेले बोलणेही तिला येते. काल अंगणात वाळवणावर कोंबडी आली. ठमी उभी राहिली, हात वर केला आणि कोंबडीवर ओरडली. त्यात एकही शब्द नव्हता. पण आवाज कुठे चढला, कुठे तुटला, शेवटी दम कसा घेतला, हे सगळे इतके हुबेहूब होते की आबा स्वतःच हसले. "माजी नात हाय," म्हणाले. वहिनी चुलीपाशी होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या हाताला लागले आहे, विळीवर कापले.

तुझा धाकटा,
सहदेव

आणखी : वाचून दाखवले. आबा म्हणाले, "विळीचं कशाला लिवलंस? खोड." खोडतो म्हटले. कागद वाईट दिसेल म्हणून राहू दिले आहे.


लोधिवली
९ मे १९४३

तीर्थरूप दादा,

नमस्कार. राब भाजून झाले, आता भाताची रोपे टाकायची. हेही पत्र आबांना वाचून दाखवायचे आहे.

तुला एक कळवायचे राहिले. चैत्रात वहिनी माळ्यावरून पडल्या. माळ्याच्या शिडीला सात पायऱ्या आहेत. त्या पाचव्या पायरीवर होत्या, हातात पेंढ्याची जुडी होती. उजव्या कुशीवर पडल्या, खाली उखळ होते. सकाळी दहाचा सुमार होता. मी त्या वेळी शेतावर होतो. जबडा दोन जागी मोडला आणि पुढचे चार दात गेले. हाडवैद्याने तोंड फडक्याने घट्ट बांधले होते, एकवीस दिवस बाजूने पेज घातली. आता बांधलेले सोडले आहे. हाड जरा वाकडे बसले, तोंड पुरते मिटत नाही. बोललेले आम्हाला नीट कळत नाही, पण काम सगळे करतात. काळजी करू नये. त्यांना गोठ्यालगतच्या पडवीत झोपायला जागा केली आहे. तिथे गारवा असतो. दिवसाही तिथेच असतात आणि ठमी त्यांच्याजवळ असते.

ठमीबद्दल. फडके बांधलेले होते तितके दिवस ती काही बोलली नाही. आईच्या तोंडावरच्या फडक्यावर हात ठेवून बसायची. मी तुझी टोपी दाखवली, 'बाबा' म्हण म्हटले, भों आली म्हटले. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग परत आईच्या फडक्याकडे. फडके सुटल्यावर चौथ्या दिवशी बोलली. आता नवे शब्द भराभर येत आहेत. 'काका' म्हणजे मी. 'दार'. 'चूल'. 'गाय'. 'लागलं'. 'हाण'. हा शेवटचा शब्द बैलांना म्हणतात तो ऐकून शिकली असावी.

तुझा,
सहदेव


लोधिवली
१२ सप्टेंबर १९४३

तीर्थरूप दादा,

नमस्कार. गणपती पोचवले. लावणी उशिरा का होईना, झाली. आपला खांड्या बैल लावणीत गेला. चिखलणीत बसला तो उठेना. आबांनी त्याला उठवायचा प्रयत्न केला. दोन पराण्या मोडल्या, तिसरी शेजारच्या शेतातून मागून आणली. तो चिखलातच गेला. ठमी बांधावर माझ्या कडेवर होती. घरी येताना म्हणाली, "खांड्या उठ नाय." तिने तीन शब्द एकापुढे एक ठेवून बोललेले हे पहिले. वहीत तारीख घातली आहे.

आता दुसरी गोष्ट लिहितो, ती मला फार नवलाची वाटली. ठमी 'केली' म्हणत नाही, 'करली' म्हणते. 'गेली' म्हणत नाही, 'जाली' म्हणते. असे आपल्या घरात कोणी म्हणत नाही, आळीत कोणी म्हणत नाही. मग शिकली कोणाकडून? मी दोन दिवस विचार केला. 'बसली', 'उठली', 'रडली' ऐकून तिने आपल्या मनाने ठरवले असावे की सगळ्यांचे असेच होणार. म्हणजे ती ऐकलेले नुसते परत करत नाही. आतल्या आत काही जुळवते आणि मग बाहेर काढते. चुकते तीसुद्धा नियमाने चुकते. एवढे माझ्या मास्तरांना ठाऊक असते तर माझ्या बोटांची नखे शाबूत राहिली असती. असो.

पण तिचे अर्धे बोलणे आम्हाला कळत नाही. पाणी मागते ते 'आणी' म्हणून. भाताला 'आत' म्हणते. 'मला' म्हणायचे तिथे 'नला'. टोपीला आधी 'बाबा' म्हणत होती, आता 'आआ' म्हणते. शेजारच्या आनंदीबाई म्हणाल्या, जीभ जड आहे, वेखंड उगाळून लावा. पंधरा दिवस लावले. फरक नाही. वहिनी आणि ती मात्र पडवीत सारख्या बोलत असतात. मी भिंतीमागून ऐकतो. एक बोलते, दुसरी उत्तर देते, मग दोघी हसतात. मी दाराशी गेलो की थांबतात.

तुला जानेवारीअखेर रजा मिळणार हे वाचून आनंद झाला. आबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "पोर त्याच्याम्होरं अशी बोलली, तर त्यो काय म्हनंल?"

"बोबडी आहे म्हणेल."

"आपल्या घराण्यात कुनी बोबडा नाय. त्यो याच्या आत नीट झाली पायजे. तू शिकव. चार बुकं शिकलास ना?"

रोज संध्याकाळी शिकवतो. 'पाणी' म्हण. ती म्हणते 'आणी' आणि माझ्याकडे बघून मान हलवते, की हेच तर म्हणाले. तिला वाटते चुकतो आहे तो मी.

तुझा,
सहदेव


चौक
३० नोव्हेंबर १९४३

दादा,

हे पत्र सुलेमानभाईंच्या दुकानात बसून लिहीत आहे. आबांना वाचून दाखवायचे नाही. ते घरी विचारतील तर मी खत आणायला गेलो होतो.

शनिवारी, कार्तिकातल्या अवसेला, ठमीला डाग दिला.

ठाकरवाडीचा पोशा भगत तुला आठवत असेल. आबांनी त्याला बोलावले. त्याने ठमीचा घसा दाबून पाहिला, जीभ ओढून पाहिली. म्हणाला, "शीर आखडली हाय. तीन अवसा तीन डाग. मानंवर." आबा म्हणाले, "आमच्या सदूला बी दिलावता. मंग बोलाया लागला का नाय?" तेव्हा अंगणातल्या सगळ्यांनी माझ्या मानेकडे बघितले. मी सदऱ्याची कॉलर वर केली.

वहिनींना पडवीत घालून बाहेरून कडी लावली होती. त्या आतून दारावर हात मारत होत्या. शब्द कळत नव्हते. आनंदीबाईंनी ठमीचे डोके मांडीत दाबून धरले. आबा मला म्हणाले, "पाय धर." मी पाय धरले. दोन्ही घोटे माझ्या एका हातात मावत होते, तरी मी दोन हात लावले. पोशाने सळई निखाऱ्यातून काढली आणि मानेच्या मागे, केसांच्या खाली, टेकवली. दोन आकडे म्हणायला लागतील इतकाच वेळ. वास आला. ठमी ओरडली त्यात शब्द नव्हता. दुसऱ्या दमात शब्द आला. "काका" म्हणाली. ती मला बोलवत होती, दादा. पाय मी धरले आहेत हे तिला दिसत नव्हते.

त्याला आज तीन दिवस झाले. ती एक अक्षर बोलली नाही.

मला चौथ्या वर्षी डागले ते तुला आठवते का? तू तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असशील. आबा अजून सांगतात की डाग दिला आणि सदू बोलू लागला. खरे असे आहे की मी आधीही बोलत होतो. गोठ्यात वासरापाशी बोलत होतो. आबांच्या समोर बोलत नव्हतो एवढेच. डागानंतर समोर बोलू लागलो. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितले नव्हते.

आज इथे बसून मी वहीतले शब्द दोन रांगांत लिहिले. नीट येतात ते एका रांगेत : काका, गाय, चूल, दार, लागलं, हाण, खांड्या, नाय. बिघडतात ते दुसऱ्या रांगेत : पाणी, फूल, बाबा, भात, मला. दुसरी रांग बघताच शाळेतली भिंत डोळ्यांपुढे आली. प, फ, ब, भ, म. त्या एका ओळीतली अक्षरेच तिला येत नाहीत, बाकी सगळी येतात. आणि तीच अक्षरे ती चौदा महिन्यांची असताना म्हणत होती. माझ्या हाताने तुला लिहिले आहे : मम, भों, पापा, बाबा. आलेले अक्षर जाते कसे? मी ती ओळ पुन्हा पुन्हा पुटपुटत होतो.

सुलेमानभाईंच्या झोहराबी आतून चहा घेऊन आल्या. "काय रं, मंतर म्हनतोस काय?"

मी रांगा वाचून दाखवल्या. त्या म्हणाल्या, "ह्ये म्हनताना तुजे ओठ बघ की. दर वख्ताला मिटतात."

"मग?"

"मग काय मग! पोर बोलाया शिकते ती आईच्या तोंडाकडं बघून. जयवंताचे ओठ मिटतात का? आई ओठ लावीत नाय, तर पोर कुठून लावील? तिला वाटतं, बोलायचं त्ये असंच. पोरगी चांगली हाय रं. आई बोलते तेच बोलते."

सुलेमानभाई तराजूवरून म्हणाले, "आन ती आई कशी पडली, तेबी आमाला ठाव हाय."

मी चहा प्यालो.

म्हणजे ठमीला दुखणे नाही. हे मला आता कळले आहे. पण हे आबांना सांगायचे तर वहिनींच्या तोंडाचे सांगावे लागते, आणि चार माणसांत सांगावे लागते. दुसरा डाग मार्गशीर्षातल्या अवसेला आहे. तुझे उत्तर यायला दोन महिने लागतात हे मला माहीत आहे. तरी विचारतो. मी काय करू?

सहदेव


चौक
३ जानेवारी १९४४

दादा,

हे डाव्या हाताने लिहीत आहे, चार दिवस थोडे थोडे करून. अक्षर वाकडे आहे. शुद्ध असेल.

तू रजेवर येशील तेव्हा लोधिवलीला जाऊ नको. सरळ चौकाला, सुलेमानभाईंच्या घरी ये. वहिनी आणि ठमी इथे आहेत. दोघी जिवंत आहेत. मी मागच्या खोलीत आहे.

महिनाभर ठमी कोणाशी बोलली नाही. फक्त वहिनींच्या कानाशी तोंड नेऊन काही सांगायची. आबा म्हणाले, पहिला डाग वरवर बसला, आता जिभेवर द्यायचा. पोशा नको म्हणत होता. "जिबंवर म्या कवा दिला नाय, आबा." आबांनी त्याला सांगितले की द्यायचा नसेल तर वाडीतल्या कोणी आमच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. अवसेला भर दुपारी पंधरा-वीस माणसे अंगणात होती. वहिनींना पडवीत कोंडले होते. आनंदीबाईंनी ठमीचे नाक दाबले, तोंड उघडले. आबा म्हणाले, "सदू, पाय."

मी गेलो नाही.

"सदू!"

मी म्हणालो, "हिला काही झालेले नाही. वहिनींचे ओठ मिटत नाहीत म्हणून ही अशी बोलते. ही आईसारखे बोलते."

"मंग तिला नको का सुदरायला?"

"वहिनी माळ्यावरून पडल्या नाहीत. आबा, तुम्ही नांगराच्या रुमण्याने मारले."

आबा म्हणाले, "काय म्हनलास?" ते मला दुसरी संधी देत होते. मी तेच वाक्य जसेच्या तसे पुन्हा म्हणालो.

त्यांनी पराणी उचलली. पहिला तडाखा कानावर बसला. दुसरा खांद्यावर. मी खाली बसलो तेव्हा पाठीवर. कोणी मध्ये आले नाही. रुमण्याची गोष्ट त्या सगळ्यांना ठाऊक असावी असे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटले. फक्त ती मोठ्याने कोणी म्हटली नव्हती.

पोशाने सळई परत निखाऱ्यांत ठेवली. "म्या दुखन्याला डाग देतो," म्हणाला. "माराला नाय देत." आणि उठून पागोटे बांधू लागला.

तेव्हा आबांनी पराणी टाकली आणि सळई स्वतः घेतली. धोतराच्या सोग्याने धरली होती. आनंदीबाई ठमीला सोडून बाजूला सरकल्या. ठमी पळाली नाही. ती उताणी पडून तोंड तसेच उघडे ठेवून होती, जसे तिला ठेवायला सांगितले होते.

मी सळई मधोमध धरली. आबा रेटत होते, मी सोडत नव्हतो. किती वेळ ते सांगता येत नाही. तळहाताची कातडी सळईला चिकटली होती. मी ओरडत होतो असे लोक सांगतात. मला माझा आवाज ऐकू आला नाही, कारण त्या कानातून रक्त येत होते.

पडवीचे दार मोडले. वहिनी मुसळ घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आबांच्या कोपराखाली एकच घाव घातला. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला आणि सळई पडली. आबा जमिनीवर बसले आणि "आई गं" म्हणाले. वहिनींनी मुसळ परत वर उचलले होते. ते डोक्यावर येणार होते, दादा. मी बघत होतो. मी त्यांना अडवले नाही. ठमीने त्यांचे लुगडे धरून ओढले, म्हणून त्या थांबल्या.

आम्ही तसेच चौकापर्यंत चालत आलो. पोलीस पाटील दुसऱ्या दिवशी येऊन गेले. म्हणाले, घरातली गोष्ट आहे, बाईला परत पाठवा, म्हातारा माणूस आहे, हात मोडला आहे. झोहराबी दारात उभ्या राहिल्या. "म्हातारा हाय तर दुसरा हात धरून बसा त्याचा. बाय कुटं जात नाय." ते परत गेले. पुन्हा येतील.

ठमी बोलू लागली आहे. इथे आली त्याच्या तिसऱ्या दिवशी झोहराबींच्या आयशाकडे भांडे पुढे करून म्हणाली, "पाणी." ओठ मिटून, स्वच्छ. मी भिंतीला टेकून बसलो होतो, ताठ झालो. आयशाने पाणी दिले. ठमी भांडे घेऊन आईकडे गेली आणि आईला म्हणाली, "आणी." दोन माणसे, दोन बोली. कोणाशी कोणती ते तिला कोणी शिकवले नाही. आता माझ्याशी ओठ मिटून बोलते. डागाच्या जागी खपली धरली होती, ती पडली. वण राहील.

आता राहिलेले लिहितो. ते लिहायचे म्हणून चार दिवस लागले, हाताने नव्हे.

शिडीला सात पायऱ्या आहेत हे खरे आहे. मे महिन्याच्या पत्रात तेवढेच खरे आहे. मी शेतावर नव्हतो. मी ओट्यावर बसलो होतो.

त्या दिवसाच्या आधी वहिनी बाजाराच्या निमित्ताने चौकाला येऊन गेल्या होत्या. आयशा मराठी चौथीत आहे, तिच्याकडून त्यांनी तुला पत्र लिहवून घेतले. माझ्याकडून नाही. रोज काय होते ते त्यात होते. विळीवर कापलेला हात विळीने कापला नव्हता, तेही होते. मी मीठ घ्यायला आलो तेव्हा आयशाने मला मोठ्या अभिमानाने विचारले, 'खुंटी' असा शब्द बरोबर लिहिला ना, आणि पत्र दाखवले. मी पूर्ण वाचले. तू ते पत्र आणि माझी पत्रे शेजारी ठेवून वाचशील, आणि माझ्या प्रत्येक पत्रात 'सर्व खुशाल' आहे, याची मला भीती वाटली. दुसरी कसली नाही. वहिनींनीच परत मागितले आहे असे खोटे सांगून मी ते घेतले आणि रस्त्यात जाळले. तेवढ्याने भागले असते. पण त्या दुसरे लिहवतील म्हणून मी घरी जाऊन आबांना सांगितले.

मला वाटले होते ते ओरडतील. त्यांनी रुमणे उचलले. "ह्या तोंडानं सांगतेस? ह्याच तोंडानं?" असे म्हणत मारले. तोंडावरच मारले. मी ओट्यावर बसून होतो. ठमी उंबऱ्यात होती. 'हाण' हा शब्द ती बैलांपाशी ऐकून शिकली नाही.

हे मी काल वहिनींना सांगितले. त्यांना पत्र कसे फुटले ते आजवर माहीत नव्हते. त्या आयशाला दोष देत होत्या. त्यांनी ऐकून घेतले. भांडी घासत होत्या, ती पुरी केली. मग हात पुसून समोर बसल्या आणि म्हणाल्या की माझे लिहा. मला त्यांचे बोलणे आता बहुतेक कळते. मी विचारले, तुम्ही बोलता तसे लिहू की बरोबर करून लिहू? त्या म्हणाल्या, "नीट लिवा. तोंडातून वाकडं येतं, मनात नीटच हाय." म्हणून खाली अक्षरे भरून लिहिले आहे. शब्द सगळे त्यांचे आहेत.

"जयवंताचा नमस्कार. मी जिती हाय. तुमी गेलात तवा माझं तोंड होतं तसं आता नाय, बघून दचकू नका. पोरीच्या मानेवर डाग हाय, तो केसात झाकत नाय आनि मी झाकणार बी नाय. येताना रागानं येऊ नका. म्हाताऱ्याला मारायला गेलात तर तुमी तुरुंगात आनि मी परत त्याच पडवीत. आधी इथं या. ठमीसमोर बसा. ती काय बोलते ते ऐका. चार दिवस लागतील कळायला, घाई करू नका. मंग मी बोलेन. माझं बी ऐका, तितकंच सावकाश.

"सदूभावजींनी सळई धरली. त्यांचा हात उजवा गेला. ते मी बघितलं. त्यांनी आधी काय केलं ते आज कळलं. त्यांना मी माफ केलं नाय. हे बी त्यांच्याच हातानं लिवून घेतलंय."

लिहून झाल्यावर त्यांनी मला सगळे मोठ्याने वाचायला लावले. मी गाळले की काय ते बघत होत्या. मी एक शब्द गाळला नाही. वाचताना आवाज फुटला तिथे त्या म्हणाल्या, परत वाचा. परत वाचले.

ठमी शेजारी बसून ऐकत होती. तिने शेवटचे उचलले. आईकडे तोंड करून म्हणाली, "नाअ केलं नाय." मग माझ्याकडे वळून, ओठ मिटून, "माफ केलं नाय." 'करलं' म्हणाली नाही, 'केलं' म्हणाली. कालपासून दिवसभर तेच म्हणत फिरते, भांड्याला म्हणते, कोंबड्यांना म्हणते. अर्थ तिला कळत नाही. माझ्या मांडीवर येऊन बसते आणि माझ्या पट्टी बांधलेल्या हातावर हात ठेवूनही म्हणते. आयशा तिला गप्प करायला गेली. मी म्हटले, बोलू दे.

सहदेव